सतराव्या प्रश्नाच्या बाई

वाणिज्य विभागाच्या कपाटात सात प्रबंध होते आणि सातही बाईंच्या पायांवर उभे होते. बाई म्हणजे विभागाच्या क्षेत्र-अन्वेषक. हुद्दा ऐकायला भारदस्त, पण काम असं की उन्हातान्हात दुकानोदुकानी हिंडायचं, फॉर्म भरून आणायचे आणि पंख्याखाली बसून विचार करणाऱ्यांच्या टेबलावर नेऊन ठेवायचे. करार दर वर्षी नवा व्हायचा, पगार मात्र जुनाच राहायचा. बाईंच्या फॉर्मांवर सात जण डॉक्टर झाले होते. प्रत्येकानं आभाराच्या पानावर, शेवटून दुसऱ्या ओळीत, 'क्षेत्रीय कामातल्या मोलाच्या सहकार्याबद्दल' त्यांचे आभार मानले होते. शेवटची ओळ टायपिस्टची असायची.

पन्नाशी उलटल्यावर बाईंनी मनाशी पक्कं केलं की आठवा प्रबंध आपला.

"या वयात डिग्री घेऊन पगार वाढणार आहे का?" नवऱ्यानं विचारलं. तो पाणीपुरवठा कचेरीत मीटर तपासायचा, त्यामुळे आकड्यांशिवाय त्याचं बोलणं पुढं सरकत नसे.

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. मला पाहिजे."

पंचवीस वर्षांच्या संसारात बाईंनी 'मला पाहिजे' असं दोनदाच म्हटलं होतं, आणि पहिल्या वेळी त्याला घर बदलावं लागलं होतं.

अभ्यासाचा विषय होता लहान दुकानदारांचं आर्थिक व्यवस्थापन. बसस्थानकामागच्या बाजारातली एकेका शटरची चौसष्ट दुकानं त्यासाठी निवडली होती. चावीवाला, चष्मेवाला, सायकल दुरुस्ती, बटणांचं दुकान, फोटोच्या चौकटी, अशी सगळी छोटी छोटी माणसं. विभागासाठी ही पाहणी बाई आधीपासूनच करत आल्या होत्या: बारा वर्षं, दर फेब्रुवारीत, तीच दुकानं आणि तेच एक्केचाळीस प्रश्न. त्यातला सतरावा असा: 'दुकानाचे पैसे आणि घरखर्चाचे पैसे वेगळे ठेवता का? होय, नाही, कधीकधी.' प्रश्न दिसायला साधा, पण सगळं घोडं तिथंच अडायचं. बहुतेकांकडं एकच डबा. त्यातूनच दूधवाल्याचे पैसे जायचे, त्यातूनच घाऊक व्यापाऱ्याचे. आपण दुकान खातोय की दुकान आपल्याला खातंय, याचा पत्ता खुद्द मालकालाही नसायचा.

पहिल्या वर्षी चावीवाल्यानं या प्रश्नाला इतक्या झोकात 'होय तर!' म्हटलं की बाईंना संशय आला. "दाखवा," त्या म्हणाल्या. चावीवाल्यानं खण ओढला. आत किल्ल्या, अर्धा कंगवा, मुलाच्या शाळेची पावती आणि या सगळ्याच्या पोटात नोटा. तो ओशाळला. बाईंनी काही न बोलता 'नाही'वर खूण केली. तेव्हापासून सतराव्या प्रश्नानंतर 'दाखवा' म्हणायचं, हा त्यांचा शिरस्ताच झाला. छापील फॉर्मवर तो शब्द नव्हता. पण माणसाचं तोंड एक सांगतं आणि खण दुसरं, हे ज्याला कळत नाही त्यानं फॉर्म भरायला जाऊच नये, असं बाईंचं ठाम मत होतं.

बाकी नियम त्या डोळ्यांत तेल घालून पाळायच्या. सल्ला द्यायचा नाही. शाबासकी द्यायची नाही, नाकही मुरडायचं नाही. चौसष्टांपैकी कुणाकडून काही विकत घ्यायचं नाही, कारण गिऱ्हाईक झालं की माणूस तिऱ्हाईत राहत नाही. बारा वर्षांत त्यांनी त्या बाजारातून साधी टाचणीसुद्धा घेतली नव्हती.

पहिल्या वर्षी चौसष्टांपैकी नऊ जणांनी दोन वेगळे डबे काढून दाखवले. बाराव्या वर्षी सत्तेचाळीस जणांनी. प्रबंधात ही दोन टोकंच ताडून पाहिली होती, मधल्या वर्षांचे फॉर्म गठ्ठ्यातच होते. मधल्या काळात, पाचव्या वर्षी, व्यापारी संघानं दुकानदारांसाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं. एकतीस जण गेले होते, आणि त्यांच्यापैकी सत्तावीस जणांचे डबे आता वेगळे होते. प्रबंधाला याहून सोयीची गोष्ट काय असणार? 'प्रशिक्षणामुळे आर्थिक शिस्तीत वाढ', असा निष्कर्ष निघाला. न गेलेल्या तेहतिसांपैकीही वीस जणांनी डबे वेगळे केले होते, तेवढं मात्र बाईंना खटकायचं.

"शेजाऱ्याचं बघून केलं असेल," मार्गदर्शक सर म्हणाले. सर बाईंपेक्षा अकरा वर्षांनी लहान होते आणि त्या सातांतले चौथे होते. "परिशिष्टात टाका."

बाईंनी ते परिशिष्टात टाकलं, प्रबंध दिला आणि तोंडी परीक्षेची तारीख मिळाली. मग एका सकाळी नवऱ्याच्या कोटाचं बटण तुटलं. काम संपलंय, आता नियम कसला, असं म्हणत बाई पहिल्यांदाच गिऱ्हाईक म्हणून त्या बाजारात गेल्या. महिना ऑगस्ट होता.

बटणवालीनं त्यांना पाहिलं आणि हातातली सुई तशीच राहिली. "अगं बाई! तुम्ही आत्ता कशा? तुमचा महिना तर फेब्रुवारी ना?" आणि बाई काही बोलायच्या आत तिनं गल्ल्याखालून दोन डबे काढून समोर मांडले. "बघा. वेगळेच आहेत. कधीही या."

"मी बटण घ्यायला आलेय."

"बटण?" बटणवाली खो खो हसायला लागली. नवरा गेल्यापासून दुकान तीच बघायची. तिनं बाईंना स्टुलावर बसवलं आणि शंभर बटणं पुढं ओतली. बोलता बोलता बाईंनी सहज विचारलं, "त्या प्रशिक्षणात तुम्हाला काय आवडलं होतं हो?"

"खरं सांगू? पंखा. मी दोन दिवस झोपले होते तिथं."

"मग डबे कधी वेगळे केलेत?"

"त्याच्या कितीतरी आधी. तुम्ही पहिल्यांदा आलात आणि 'दाखवा' म्हणालात, आठवतंय? माझ्याकडं दाखवायला काही नव्हतं. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसती खूण केलीत. बोलला असतात तरी बरं होतं. वर्षभर ती खूण डोळ्यांसमोर होती माझ्या. म्हटलं, पुढच्या वर्षी ही बाई येईल तेव्हा असं तोंड पाडून बसायचं नाही. तेव्हापासून चालू आहे. त्याचंच तर बघा, पोरीची फी भरली मी कुणापुढं हात न पसरता."

बटण तसंच मुठीत धरून बाई चौकटीवाल्याकडं गेल्या, तिथून चष्मेवाल्याकडं, मग सायकलवाल्याकडं. शब्द वेगळे होते, गोष्ट एकच. "फेब्रुवारी जवळ आला की बायको मागं लागते," चष्मेवाला म्हणाला, "घरचे पैसे काढा त्यातून, त्या बाई येतील!" चष्मेवाला प्रशिक्षणाला गेलाच नव्हता.

म्हणजे डबे प्रशिक्षणानं वेगळे केले नव्हते. ते केले होते एका शब्दानं, आणि तो शब्द फॉर्मवर नव्हता, प्रबंधात नव्हता. तीनशे बारा पानांमध्ये बाजारातल्या शटरच्या रंगापर्यंत सगळं होतं. नव्हत्या फक्त बाई.

"मग ते लिहू नका," मार्गदर्शक सरांनी शांतपणे सांगितलं. "प्रश्नावलीबाहेरचं आहे ते."

"पण निष्कर्षच चुकलाय, सर."

"बाई, तीन आठवड्यांवर परीक्षा आलीय. सगळ्यांचेच निष्कर्ष थोडेफार चुकतात. डिग्री पदरात पडू द्या, मग यावर वेगळा लेख लिहू."

नवऱ्याचं मत फार निराळं नव्हतं. "आधी घेऊन ये, मग खरं बोल," तो म्हणाला. बाईंना तीन आठवडे धड झोप लागली नाही. सातांपैकी एकालाही असा प्रश्न पडला नसेल, याचा त्यांना रागही आला. त्यांना डिग्री हवी होती, अगदी लहान मुलाला खाऊ हवा असतो तशी. आणि दर वर्षी चौसष्ट लोकांना 'दाखवा' म्हणणाऱ्या माणसानं आपला खण बंद कसा ठेवायचा, तेही कळत नव्हतं.

परीक्षेला बाहेरून एक वृद्ध परीक्षक आले होते. त्यांनी प्रबंधाची तारीफ केली, दोन तक्त्यांवर बोट ठेवलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "स्वतःहून काही सांगायचंय?" मार्गदर्शक सर खिडकीबाहेर बघायला लागले. बाईंनी सगळं सांगितलं.

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे परिणाम प्रशिक्षणाचा नाही, तुमचा."

"असं मला वाटतं."

"वाटण्यावर डिग्री देता येत नाही. पण हे खरं असेल तर आत्ता जे लिहिलंय त्याच्यापेक्षा फार मोलाचं आहे." त्यांनी प्रबंध मिटला. "असं करा. दोन वर्षं त्या बाजारात पाऊल टाकू नका. कुणाला भेटायचं नाही, कारण सांगायचं नाही. मग दुसऱ्या महाविद्यालयाचा अन्वेषक जाईल आणि तुमच्यासारखंच 'दाखवा' म्हणेल. शिस्त प्रशिक्षणातून आली असेल तर डबे वेगळेच राहतील. तुमच्या विचारण्यातून आली असेल, तर तुमच्या मागं ते पुन्हा एक होतील. तसं झालं की प्रबंध मंजूर."

बाईंनी लगेच होकार दिला. घरी जाताना, अर्ध्या रस्त्यात, त्यांच्या ध्यानात आलं की आपण कशाला हो म्हणून बसलोय. डिग्री हवी असेल तर त्या लोकांची घडी मोडायला हवी.

दोन वर्षं बाई लांबच्या रस्त्यानं कामावर गेल्या. पहिला फेब्रुवारी आला तेव्हा त्यांचे पाय आपसूक बाजाराकडं वळले होते. कोपऱ्यावरून बटणवालीनं त्यांना पाहिलं आणि हात उंच करून हाक मारली. बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पाठ फिरवली. अभ्यासासाठी माणसाला काय काय करावं लागतं, यावर कुणी प्रबंध लिहिलेला नाही. त्या दिवशी घरी आल्यावर बाई रडल्या. नवऱ्यानं कोट काढून ठेवला आणि चहा केला.

दुसरा फेब्रुवारीही गेला. तिसऱ्याला नवा अन्वेषक बाजारात जाऊन आला. आकडा आला एकोणीस. प्रशिक्षण घेतलेले बारा, न घेतलेले सात. सत्तेचाळिसांतून अठ्ठावीस दुकानं परत एका डब्यावर आली होती. परीक्षकांनी स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं की इतका स्वच्छ पुरावा त्यांनी फार कमी वेळा पाहिलाय. मार्गदर्शक सरांनी विभागात छोटी सभा घेतली आणि प्रामाणिकपणावर पंधरा मिनिटं भाषण केलं. बाईंच्या हातात गुच्छ दिला, फोटो काढला. आठवा प्रबंध कपाटात गेला. नवऱ्यानं शेजारीपाजारी मिळून नऊ जणांना सांगितलं आणि दहाव्या घरी ती बातमी आधीच पोचलेली पाहून तो नाराज झाला.

दुसऱ्या दिवशी बाई बाजारात गेल्या. आता बंदी नव्हती.

बटणवालीच्या दुकानात मागच्या भिंतीवरचे अर्धे खण रिकामे होते. पूर्वी तिथं एका निळ्या रंगाच्याच अकरा छटा असायच्या. बटणवाली बारीक झाली होती. बाईंना बघून तिनं आधी तोंड फिरवलं, आणि मग तिला राहवलं नाही.

"कुठं होता हो इतके दिवस? मी हाक मारली तर वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. म्हटलं, आपलं काही चुकलं का? मग तुम्ही येईनाशा झालात. पहिलं वर्ष ठेवले मी डबे वेगळे. नंतर वाटलं, कोणाला पडलंय आता. एकदा औषधाला घेतले त्यातून, एकदा भावाला दिले. कळलंच नाही कधी एक झालं ते. आता माल भरायला पैसे नाहीत."

बाईंना काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती. त्यांनी तसं केलं नाही. स्टुलावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. दोन वर्षं का आल्या नाहीत, का वळून पाहिलं नाही, आणि या बाजारातले डबे एक झाले म्हणूनच त्यांना डिग्री कशी मिळाली, तेही.

"म्हणजे आमचं असं झालं नसतं, तर तुम्हाला मिळाली नसती?" शेवटी तिनं विचारलं.

"नसती."

बटणवालीनं रिकाम्या खणांकडं एकदा पाहिलं. मग तिचा चेहरा उजळला. काउंटरवरून वाकून तिनं बाईंचा हात दोन्ही हातांत धरला.

"मग उपयोग झाला म्हणायचा की," ती म्हणाली. "अभिनंदन, बाई."

ती मनापासून बोलत होती. बाईंना मात्र मान वर करवेना.