विंच अन् शिट्टीच्या मधला माणूस

"रोको! अरे रोको!" घसा फाटेस्तोवर ओरडलो, पण प्लेट झुलतच होती. ब्लास्ट फर्नेसच्या, म्हणजे लोखंड गाळाच्या भट्टीच्या, अंगाची वाकवलेली लोखंडी प्लेट, कित्येक टनाची. खाली आमचा फिटर उभा. तो मागच्या मागं पडला म्हणून वाचला. टोपी चपटी झाली, डोकं शाबूत राहिलं.

चूक माझीच होती. उगाच दुसऱ्यावर काहून ढकलू?

भिलाईचा कारखाना उभा होऊन राहिला होता तेव्हाची गोष्ट. मी रिगिंगचा चार्जमन, टोळीचा मुकादम. रिगिंग म्हणजे जड माल रोपनं, तारेच्या दोरानं, बांधून उचलाचा अन् जागेवर बसवाचा. हे काम दोन माणसाइचं. एक विंचवाला. विंच म्हणजे वायर रोप गुंडाळणारं मशीन. ते दूर शेडमधी राहते, तिथून माल दिसत नाही. दुसरा सिग्नलमन. तो माल अन् शेड दोन्ही दिसन अशा जागी उभा राहून झेंडी अन् शिट्टीनं सांगते, उचल, थांब, सोड.

विंचवर गुरमुखसिंग, फाळणीत लायलपूरकडून आलेले. सिग्नलवर करीममियां, बिहारचे खलाशी. जहाजावरले नाही, जड माल बांधून उचलणाऱ्यालेच आमच्यात खलाशी म्हणत. कामात दोघंही एक नंबर. पण सरदारजी म्हणत, "उसके इशारे पर मैं ब्रेक नहीं छोडूंगा." करीममियां म्हणत, "मुझे भी उनके हाथ पर भरोसा नहीं." दोघाइच्याही घरचं माणूस दंग्यात मारलं गेलं होतं, एवढंच आमाले ठाऊक. कोणाचं कोण, ते विचाराची कोणाची हिंमत नव्हती.

मी मोठा शहाणा! मधी तिसरा माणूस उभा केला. करीममियां त्याले सांगत, तो सरदारजीले सांगे. आठ दिवस भांडण नाही. मी खुश. नवव्या दिवशी 'रोको' त्या तिसऱ्याच्या तोंडून पोचेस्तोवर प्लेट झुलली.

इंजिनीअर साहेब तणतणत आले. "परवा भट्टीची वरची रिंग चढवायची आहे. दोघांपैकी एकाला हाकला."

"साहेब, दोघाइच्या तोडीचा माणूस नाही आपल्याजवळ."

"मग खाली कोणी मेलं तर त्याच्या घरी तुम्ही जा सांगायला."

बसलो डोकं धरून. तेव्हा आमचे हेड खलाशी श्रावणजी आले. भंडाऱ्याकडले, भिलाईतच रुआबांध्यात राहत. म्हणाले, "बाबू, त्याइले बोलाले लावू नको. एकमेकाचं काम तपासाले लाव."

आमच्यात उचलाच्या आधी जो तो आपलं सामान आपणच तपासे. श्रावणजीनं उलटं केलं. सरदारजीनं करीममियांचा रोप पाहाचा, करीममियांनं विंचचा ब्रेक. समोरच्यानं 'ठीक' म्हणल्याबिगर माल हलणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरदारजी नाक मुरडत रोपजवळ बसले. टोकाले तारा विणून डोळा केलेला, त्यातच हुक अडकते. तार न् तार बोटानं चाचपली. चूक काढाचीच होती त्याइले, पण सापडेच ना! शेवटी करीममियांले थेट विचारलं,

"ये किसने बुना?"

"मैंने."

"सिखाया किसने?"

"बडे भाई ने."

"कहां हैं वो?"

"नहीं रहे. दंगे में मार दिए."

सरदारजीनं त्या विणलेल्या डोळ्यावर बोट ठेवलं. मंग हळूच म्हणाले, "मेरा लडका भी. सात साल का था."

मले रडू आलं, खोटं काहून सांगू? श्रावणजीनं मले दंडाले धरून मागं ओढलं. "चाल, आपलं काय काम आता इथं."

करीममियां शेडमधी गेले, विंचखाली घुसले. निघाले तं दाढीले ग्रीस. "सरदारजी, ब्रेक की लाइनिंग घिस गई है. रिंग का वजन नहीं झेलेगी."

"पंद्रह दिन से स्टोर को बोल रहा हूं! कोई सुने तब ना!"

स्टोरवाल्याले शिव्या देत दोघं संगंच निघाले. दुपारी नवी लाइनिंग बसली. ते पंधरा दिवस मीही ऐकलं नव्हतं. सरदारजी बोलले का मले वाटे, आली पुन्हा तक्रार.

रिंगच्या दिवशी मधला माणूस काढला. करीममियांनं झेंडी वर केली, सरदारजीनं शेडमधून पाहिली अन् ब्रेक सोडला. रिंग चढली, बसली, एक धक्का नाही. मंग शेडमधून आवाज आला, "नीचे सब ठीक, करीम?" नाव घेतलं बाप्पा, पहिल्यांदा!

ते भाऊ-भाऊ झाले नाहीत. मेलेले माणसं काही परत आले नाहीत. पण त्या दिवशी त्या दोघाइच्या पाया पडावं वाटलं मले.

आता भिलाईतच वैशाली नगरात टीव्हीसमोर बसतो. मागं इस्रायलचा एक बाप अन् पॅलेस्टाईनचा एक बाप शेजारी बसून लढाईत मेलेल्या आपापल्या लेकरांबद्दल बोलताना दाखवले. नातू म्हणे, "आबा, इससे लडाई थोडी रुकेगी?"

"नसन थांबत," मी म्हणलं. "पण असं बसाले छाती लागते. तुह्या आबाजवळ नव्हती. तो मधी माणूस उभा करून मोकळा झाला होता."

पुढं जितके पोट्टे हाताखाली शिकले, त्याइले एकच सांगितलं. विंचवाल्याले अन् सिग्नलमनले एकमेकाचं तोंड दिसलं पाहिजे. दिसत नसन, तं माल जमिनीवरच राहू द्या.