उघाडीचं लोखंडी दार

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, या वेळी आलो की तळ्यातला जिताडा धरायचा ना?" मी विषय बदलला. ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे. तुम्ही डिसेंबरात याल तेव्हा घरामागे तळं नसेल. सवयीनं धावत तिकडे जाल आणि मुरमावर उभे राहाल. त्याआधी कारण तुम्हाला माहीत असावं. क्रमानं सांगते.

जिताडा हा मासा खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात जन्मतो. पावसाळ्यात त्याची बोटभर पिल्लं गोडं पाणी शोधत ओढ्यानं वर येतात. आपला ओढा रेवदंड्याच्या खाडीला मिळतो. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून तिथे मोठा बांध आहे आणि ओढ्याचं पाणी बाहेर जायला बांधात एक दार आहे. त्याला उघाडी म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा ते दार म्हणजे दगडी खाचेत बसवलेल्या लाकडी फळ्या होत्या.

श्रावणातल्या उधाणाला गावाची एक रीत होती. भरती चढू लागली की ज्या घराची पाळी असेल तिथला माणूस खालची फळी हातभर उचलायचा. ओढा पावसानं इतका भरलेला असायचा की तेवढ्या खाऱ्या पाण्यानं भाताला काही व्हायचं नाही. त्या फटीतून पिल्लं आत शिरायची आणि खाचरांत पसरायची. मग बायका टोपल्या घेऊन ती धरायच्या आणि आपापल्या तळ्यात वाढायला सोडायच्या. मी शहरात इंग्रजी शाळेत शिकलेली. सासूबाईंनी पहिल्याच पावसाळ्यात माझ्या हातात टोपली दिली. "पोरी, ह्यो घरचा मासा. इकायचा न्हाय. जावई आला का काराचा," त्या म्हणाल्या. तुमचे बाबा लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा तळ्यातूनच जिताडा काढला होता. तुकडी ताटाबाहेर जात होती.

मग एका वर्षी बांध फुटला. खारं पाणी भातात शिरलं आणि पुढचे दोन हंगाम काही पिकलं नाही. गावानं पक्कं दार मागितलं आणि ते मिळालं. काँक्रीटची भिंत आणि तिला वरून टांगलेली लोखंडी झडप. ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर जातं, भरतीला समुद्रच तिला घट्ट लावून घेतो. माणूस लागत नाही. नारळ फुटला, पेढे वाटले. फळी उचलायची पाळी सुटली म्हणून सगळे खूश होते. मासेही त्याच दारानं येतात हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, तरी त्या दिवशी एकाच्याही तोंडून ते निघालं नाही.

पुढच्या पावसाळ्यात टोपल्या रिकाम्या आल्या. आम्ही काय केलं? भांडलो. म्हणे पलीकडच्या गावानं खाडीत बारीक जाळं लावलं, म्हणे कुणीतरी ओढ्यात औषध टाकलं. त्यावरून दोन घरांत अजून बोलणं नाही. दार मात्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

तळ्यातले मोठे जिताडे एकेक करून संपले. शेवटचा तुम्हीच मागच्या वेळी खाल्लात. शेवटचा आहे हे मी बोलले नाही. तुम्ही काटे काढण्यात गुंतला होतात.

यंदा उन्हाळ्यात तुमचे धाकटे आजोबा, म्हणजे माझे दीर, ओसरीवर येऊन बसले. पर्यटकांसाठी खोल्या बांधल्यापासून त्यांना जागा पुरत नाही. तळं आम्हा दोघांचं समाईक.

"वयनी, मासा न्हाय, मग तलं ठेवून काय मच्छर पालाचं? भरून टाकू. पाव्हण्यांच्या गाड्या तरी लागतील."

"एक पावसाळा थांबा. पिल्लं आली तर तळं राहील."

"आनि न्हाय आली तर?"

"तर भरा."

म्हणून मी ग्रामसभेला गेले. मागणी छोटी होती. श्रावणातल्या उधाणांना, भरती सुरू होताना झडपेत एक ओंडका अडकवायचा आणि पाणी चढलं की काढायचा. तुमच्या गावच्या धरणाला मासे चढून पलीकडे जावेत म्हणून पायऱ्या बांधल्यात, तो तुम्ही पाठवलेला व्हिडिओही मी सभेला सांगितला. मागून एकजण ओरडला, "काकी, जिना कशाला, लिफ्टच बसवू! जिताडा बटन दाबल!" सगळी सभा हसली. मलाही हसू येत होतं, ते गिळलं.

"खारं पानी आत आलं तर जबाबदार कोन?" दुसऱ्यानं विचारलं.

"आत आता भात लावतं कोण?" मी म्हणाले.

बांधाच्या आतली बहुतेक जमीन विकली गेली आहे. तिथे बंगले आहेत, नाहीतर कुंपणातलं गवत. ज्या भातासाठी दार मागितलं, तो भातच उरलेला नाही.

"बंगलेवाल्यांचं लॉन जलंल ना, काकी," जबाबदार कोण विचारणारा तोच म्हणाला, आणि तो चेष्टा करत नव्हता. ओंडका नामंजूर झाला.

श्रावणात उधाणाच्या दिवशी मी बांधावर जाऊन उभी राहिले. भरतीनं झडप लावून घेतली होती. बाहेर, काँक्रीटच्या पायथ्याशी, पाणी पिल्लांनी वळवळत होतं. भिंतीला तोंडं लावून ती जागा शोधत होती. दोघेजण हातजाळ्यानं ती उचलून बादलीत टाकत होते. "इथं बेस गावतात, काकी," एकजण म्हणाला. "पलायला जागाच न्हाय त्यांना."

मी त्यांच्याकडून डबाभर पिल्लं मागून घेतली आणि घरी आणली. दीर तळ्याकाठी उभे होते. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं.

"वयनी, आली तर, असं ठरलं हुतं. ही तुम्ही आनलीव."

ते खरं होतं. शिवाय ज्या तळ्यात मुरूम पडणार, त्यात ती सोडायची कशाला? मी डबा घेऊन परत बांधावर गेले आणि पिल्लं दाराबाहेरच्या पाण्यात सोडली. जाळंवाले तोवर गेले होते.

दसऱ्यानंतर ट्रक आले आणि तळं बुजलं. त्यावर आता दोन गाड्या उभ्या असतात.

जिताड्याची पिल्लं अजून येतात. दारापर्यंत येतात.