उजव्या कुशीचा हट्ट

पोटातल्या जिवाची चाहूल साऱ्या नगर जिल्ह्यात सगळ्यांत आधी कोणाला लागत असेल, तर ती घोडेगावच्या आमच्या घरमालकीण मावशींना. तो जीव म्हशीच्या पोटातला असला तर त्यांचा अंदाज चुकत नाही, आणि बाईच्या पोटातला असला तरी पद्धत बदलण्याचं कारण त्यांना दिसत नाही, एवढंच. जनावरांच्या बाजारात त्या पदर खोचून फिरू लागल्या की, म्हैस गाभण असल्याचं छातीठोकपणे सांगणारे व्यापारी मध्येच खाकरतात. मावशी कोणाशी बोलत नाहीत. म्हशीच्या उजव्या कुशीवर तळवा ठेवायचा, डोळे मिटायचे आणि आत कोणी भेटतंय का ते बघायचं. एकदा एका व्यापाऱ्याने घाई केली, तेव्हा डोळे न उघडताच म्हणाल्या, "गप रं, झोपलंय ते." गोठ्यातली म्हैस व्यायला झाली की आम्हा भाडेकरूंना मिक्सर लावायची बंदी. "चटनी पाट्यावर वाटा. आतलं दचकतंय."

मी इथल्या शाळेत शिकवते. आम्ही दोघं मावशींच्या वरच्या खोल्यांत राहतो. मला दिवस गेले आणि मावशींनी सूत्रं हाती घेतली. त्याआधी एकदा तिसऱ्याच महिन्यात सगळं संपलं होतं, त्यामुळे या खेपेला मी आनंदसुद्धा दबकत दबकत करत होते. पाचवा सरत आला तरी आत काही हलेना. नगरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वार पोटाच्या पुढच्या बाजूला आहे, हालचाल उशिरा जाणवेल, बाळ छान आहे. डोक्याला पटलं, पण जिवाला काही पटेना. आमच्याकडे गाभण म्हशीला सकाळी उपाशीपोटी गार पाणी पाजतात. आतलं रेडकू लाथ झाडतं आणि उजवी कूस हलते. झालं! रोज सकाळी मावशी रांजणातल्या पाण्याचा तांब्या घेऊन जिना चढत, मला पाजत आणि समोर मांडी घालून माझ्या उजव्या बाजूकडे टक लावून बसत.

"मावशी, मी म्हैस नाही हो."

"व्हय, म्हैस असती तर ऐकलं असतं. उजवीकडंच ध्यान ठेव. डावीकडं नुसती वैरन असती."

मी चांगली शिकलेली बाई, पण भीतीपुढे शिक्षण कुठवर टिकणार? वर्गात पाढे चालू असतानाही माझं सगळं लक्ष उजव्या बाजूला लागलेलं असे.

एका रविवारी दुपारी गोठ्यापुढच्या बाजेवर पडले होते. म्हशी संथ रवंथ करत होत्या. लिंबाची सावली अंगावरून मागे-पुढे होत होती आणि मी झोपेत होते की जागी, ते मलाही सांगता आलं नसतं. तेवढ्यात डावीकडे, अगदी खाली, आतून कोणीतरी बोटाने हलकीच टिचकी मारली. थांबलं. पुन्हा मारली. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

"मावशी! हललं! डावीकडं!"

शेणाचे हात धुऊन त्या धावत आल्या. "डावीकडं कसं असंल?" म्हणत तळवा ठेवला, डोळे मिटले. बराच वेळ गेला.

"माझ्या हाताला न्हाई लागत, बाई."

"मला लागतंय ना. हे बघा, आत्ता परत!"

मावशींना मूल झालं नाही. त्या कधी त्याबद्दल बोलत नाहीत आणि आम्हीही विचारत नाही. पण त्या दिवशी हात तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "लई जनावरांना हात लावला आजवर. भाईरून समदं कळतंय. आतून कसं वाटतं गं?"

मला फार फार माया आली त्यांची. मी त्यांचा तळवा उलटा करून मांडीवर घेतला आणि त्यावर बोटाने हलकीच टिचकी मारली.

"असं."

त्यांनी तळवा तसाच पुढे धरला. मग पुन्हा डोळे मिटून म्हणाल्या, "परत हाललं की परत कर."

आत हललं की मी त्यांच्या तळव्यावर टिचकी मारत राहिले. म्हशींची पाण्याची वेळ झाली, गोठ्यातून रेकणं सुरू झालं, आणि मावशी पहिल्यांदाच जागेवरून उठल्या नाहीत.