जागेवरची सायकल आणि बोंबलांचा वाटा

आत्ताच्या आत्ता सांगायचंय, उद्यावर टाकलं तर मजा जाईल. टायपिंग क्लासमध्ये बसलेय, धड्याचा कागद काढून कोरा चढवलाय, सर चहाला गेलेत आणि बोटं थांबत नाहीयेत. आज सकाळी बाबा फर्स्ट शिफ्टला गेले. पालघरहून कंपनीच्या बसने बोईसरला, डबा घेऊन, आपल्या जुन्या जागी, लेथवर.

उन्हाळ्यात बाबांच्या छातीत दुखलं होतं. हॉस्पिटल झालं, घरी आले, पण कंपनीचे डॉक्टर म्हणाले, कामावर घेण्याआधी दवाखान्यातल्या सायकलवर बसवून बघणार. जोराच्या चार फेऱ्या, मध्ये मध्ये सैल पाय. चारही सारख्या जमल्या तर लेथ. नाहीतर गेटवर खुर्ची, येणाऱ्याजाणाऱ्याचे पास बघत बसायचं. बाबांनी उभं आयुष्य लोखंड कातलंय. त्या दिवशी ते जेवले नाहीत. "गेटवर नाय बसणार मी," एवढंच बोलले.

मग त्यांनी आपल्या जुन्या सायकलचं पुढचं चाक काढलं, दोस्ताकडून स्टँड वेल्डिंग करून आणला, मागचं चाक अधांतरी ठेवलं आणि त्याला ट्यूबचा पट्टा घासत ठेवला, म्हणजे पायाला जोर लागेल. सायकल ओटीवर उभी. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं, थोडा वेळ जोर, थोडा वेळ सैल, परत जोर. घड्याळ माझ्याकडे. दम लागून बोलता येईना झालं की जोर कमी करायचा, हेही डॉक्टरांनी सांगितलेलं, पण ते आम्ही औषधांच्या गडबडीत विसरून गेलो.

आणि आमच्याकडे आजाऱ्याला बघायला येतात ना, ती भानगड. कोणी नारळ घेऊन, कोणी बिस्किटचा पुडा घेऊन. ओटीवर आलं की विचारणार, "काय, बरं हाय ना आता?" आता माणूस तोंडाने सांगेल, हो, बरा आहे. बाबा पायांनी सांगायचे. पाहुणा दिसला की चाक भणभणायला लागायचं, पट्ट्यातून रबर जळल्याचा वास. शेजारचे काका म्हणायचे, "अरे, मासवणपर्यंत पोचशील आता." बाबा आणखी जोरात. पहिली फेरी अशी विमानासारखी, दुसरीत खांदे हलायला लागायचे, तिसरीत पाय थांबलेले आणि चेहरा राखेसारखा. आई पाणी घेऊन यायची आणि पाहुण्याकडे असं बघायची की तो चहा न घेताच उठायचा.

मी सांगायचे, "बाबा, पहिली फेरी हळू घ्या."

"हळू घेतली तर लोकं काय म्हनतील, अजून आजारी हाय?"

पहिल्या तपासणीलाही तेच झालं. खात्यातले दोस्त दवाखान्याच्या खिडकीशी जमले, बाबांनी पहिल्याच फेरीत सगळं उधळलं, तिसरीत डॉक्टरांनी उतरवलं. म्हणाले, महिन्याने आणखी एकदा, मग निर्णय. येताना बसमध्ये बाबा माझ्याशेजारी बसून खिडकीबाहेर बघत होते.

मग तो दिवस आला. आई रेशनला गेलेली, बाबा सायकलवर, पहिली फेरी नुकती सुरू, आणि पालघरजवळच्या माहीमची मासळीवाली मावशी पाटी घेऊन दारात. ती वर्षानुवर्षं येते, आजारीबिजारी काही मानत नाही.

"भाऊ, बोंबील घे. ताजं हायत."

"कालचे दिसतात."

"कालचे? खाली उतर नि हात लाव. का सायकल पळून जाईल तुजी?"

मला हसू आलं. बाबांनाही आलं, पण उतरले नाहीत, कारण मी घड्याळ दाखवलं. पाय चालू, तोंड चालू.

"वाटा बारीक हाय. वर चार टाक."

"दोन टाकीन. चार टाकले तर मी काय खाऊ, तुजी सायकल?"

"तीन. नि तो पोट फुटलेला काढ."

"बसून फुटला तो. तुज्यासारखा."

जोराची फेरी संपली, सैल संपली, दुसरी सुरू झाली, बोंबलांवरून गाडी कोलंबीवर गेली. मावशी उठली नाही, बाबा हरले नाहीत. पट्ट्याचा वास नाही. चाकाचा आवाज एकसारखा, आमच्या पिठाच्या गिरणीसारखा. चौथी फेरी संपली तेव्हा बाबा म्हणाले, "बरं, वर तीन दे," आणि दम लागला नव्हता. मी घड्याळ परत परत बघितलं. मग एकदम आठवलं, बोलता येतंय तोवरच जोर, डॉक्टर हेच म्हणाले होते. घासाघीस करणाऱ्या माणसाला दम लागून चालतच नाही ना, मावशी लगेच वाटा बांधून मोकळी झाली असती.

तेव्हापासून मावशी आमच्याकडे सगळ्यात आधी यायला लागली. आई वैतागली, रोज रोज बोंबील. पण तळत राहिली.

परवा दुसरी तपासणी झाली. मी सोबत गेले. खिडकीशी परत सगळे. एकजण ओरडला, "उस्ताद, आज तो रेस है क्या?" आणि बाबांचे खांदे पुढे गेले, पाय जोरात सुटले. डॉक्टर घड्याळ बघत होते. मी सायकलच्या जवळ गेले आणि हळूच विचारलं, "बाबा, वाटा केवढा दिला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पाय सैलावले.

"बारीक हाय," ते म्हणाले. "वर चार टाक."

"दोन," मी म्हणाले.

डॉक्टरांना वाटलं आम्हा दोघांचं डोकं फिरलंय. चारही फेऱ्या आम्ही त्या नसलेल्या बोंबलांवरून भांडलो. शेवटी डॉक्टरांनी नाडी बघितली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "लेथवर जा. आणि जाताना मला सांगा, शेवटी किती टाकले?"

बाबा बाहेर येऊन पायरीवर बसले आणि नुसतेच हसत राहिले. मला रडू आलं, पण ते बरं वाटण्याचं.

आज सकाळी मावशी आली तेव्हा ओटीवर सायकल रिकामी होती. "गेला?" तिने विचारलं. आई म्हणाली, गेले. मावशीने वाट्यावर चार टाकले, न मागता.

सर आले वाटतं. पटकन सांगा, तुमच्या घरी झालंय का असं कधी, कोणी बघतंय म्हणून पहिल्याच फेरीत सगळा जोर संपवून बसलंय माणूस? आणि मग त्याला कोणी सावरलं?