विचारून सांगतो

मंगरूळपीरच्या बाजारात मेथी विकणारे आमचे शेजारी काका पूर्वी फौजेत बिनतारी संदेशांच्या कामावर होते. मित्रदेश एकमेकांना गुप्त खबर देतात ती कशाच्या भरवशावर, असं मी कॉलेजात असताना त्यांना विचारलं होतं. जुडी बांधता बांधता ते म्हणाले, "ज्यानं खबर देल्ली त्याले विचारल्याबिगर तिसऱ्याले त्याचं नाव सांगाचं नाही. नाहीतर दोस्ती खतम."

मागच्या हिवाळ्यात त्यांनी ओढ्याकाठच्या सगळ्यांना विहिरीवरच्या मोटरी घरी आणायला सांगितलं. आम्ही आणली. ज्यांनी हसण्यावारी नेलं, त्यांच्या मोटरी सकाळी जागेवर नव्हत्या. ते लोक काकांच्या अंगणात आले.

"तुले कसं मालूम? तूच सामील असशीन."

माझे बाबा कळवळून म्हणाले, "भाऊ, खबर कोनं देल्ली त्याचं नाव सांगून टाक ना गा."

"विचारून सांगतो."

दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा आले. काकांनी मान वर केली. "विचारलं. नाही म्हणते."

काही घरांनी तेव्हापासून त्यांची मेथी घेणं सोडलं आहे. आमच्या वऱ्हाडीत 'म्हणते' बाईलाही चालतं आणि गड्यालाही. चोरीचा आळ अंगावर घेऊन त्यांनी तेवढंसुद्धा कळू दिलं नाही.