रविवारचं मीटर

आमच्या सहा मजली ऑफिस-इमारतीत नळदुरुस्तीचं काम करणाऱ्या माणसाला सगळे कानसेन म्हणत. गाण्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पाइपला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे. पाणी कुठे झिरपतंय ते बिनचूक सांगत. सत्तावीस वर्षं हेच चाललं होतं. मी या इमारतीची व्यवस्थापक, म्हणजे पाणी आलं नाही तर बोलणी खाणारी आणि आलं तर कुणाच्या खिजगणतीत नसणारी बाई.

त्या वर्षी मालकांनी फर्मान काढलं: तीन महिन्यांत पाण्याचा वापर पाव हिश्श्याने कमी करा, नाहीतर कानसेनना घरी बसवून बाहेरच्या कंपनीला काम देतो. घरी बसवणार म्हणे! त्यांचं घर म्हणजे पंपामागची खोली, तीही नोकरीबरोबर मिळालेली. धाकट्या लेकीची शेवटची परीक्षा आठ महिन्यांवर होती, त्यांची निवृत्तीही तेव्हाच. तेवढे आठ महिने त्यांना हवे होते.

आम्ही कंबर कसली. नळांना जाळ्या बसवल्या, फ्लशच्या टाक्यांत भरलेल्या बाटल्या ठेवल्या, एसीचं ठिबकणारं पाणी बादल्यांत धरून फरशी पुसायला दिलं. चौथ्या मजल्यावरच्या एका साहेबांनी जाळी काढून माझ्या टेबलावर आणून ठेवली. हातावर पाणी पडल्यासारखंच वाटत नाही म्हणाले. त्यांच्याशी वाद घालायचंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

तरी वापर थोडक्यासाठी अडला. गच्चीवरच्या टाकीखालचं मीटर कानसेन शनिवारी संध्याकाळी आणि सोमवारी सकाळी वाचत. मधल्या वेळात इमारतीत चिटपाखरू नसायचं, तरी हजार लिटर पाणी जात होतं. रविवारी ते मजल्यामजल्यावर पाइप ऐकत फिरायचे आणि सोमवारी सांगायचे, "सगळं कोरडं आहे, मॅडम." असे पाच सोमवार गेले. कानसेनच म्हणतात म्हटल्यावर शंका कोण घेणार? मी मीटरलाच खोटं ठरवलं आणि बदलून घेतलं. नवं मीटरही तेच सांगू लागलं.

मुदतीआधीच्या शेवटच्या रविवारी मीही गेले. रविवार हा माझा अंग टाकायचा एकुलता एक दिवस, त्यामुळे कपाळावर आठ्या घेऊनच गेले. एसी बंद, लिफ्ट बंद. तिसऱ्या मजल्यावर बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दारातच मला बारीक सूं असा आवाज आला. शेवटच्या संडासातून येत होता. कानसेननी तिथल्या पाइपला स्क्रू ड्रायव्हर लावला आणि डोळे मिटले. बराच वेळ ते तसेच उभे होते.

"इथे काही नाही, मॅडम. चला, वर बघू."

मला आधी रागच आला. माझे तीन महिने पाण्यात गेले होते. मी पुढे होऊन टाकीचं झाकण उचललं. आतलं रबर झिजलं होतं आणि भांड्याच्या पाठीवरून पाण्याचा पातळ पापुद्रा सारखा खाली उतरत होता. कानसेननी तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला ऐकू येत नाही," मी म्हणाले.

"उजवा कान दोन वर्षांपूर्वी गेला. डावा यंदा," ते म्हणाले. "समोरच्याच्या ओठांवरून भागवतो. घरीही सांगितलेलं नाही. लेक म्हणते, बाबांचं हल्ली माझ्याकडे लक्षच नसतं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्या जागी नुसता थकवा आला, त्यांचा आणि माझा मिळून.

त्यांनी पिशवीतून नवं रबर काढलं आणि माझ्याकडे पाठ करून कामाला लागले. हात अजून तरबेज होते. दहा मिनिटांत आवाज थांबला. ते मात्र स्क्रू पिळतच राहिले.

"मॅडम, आठ महिने फक्त. रविवारी तुम्ही याल का बरोबर? ऐकायला?"

माझ्या डोळ्यांपुढून सगळे रविवार गेले, ते सहा मजल्यांचे जिने गेले.

"येईन," मी म्हणाले.

ते काम करत राहिले. थोड्या वेळाने मागे न वळताच म्हणाले, "नाही म्हणालात तरी मला वाईट नाही वाटलं, मॅडम. तुमचाही एकच दिवस असतो."