निळी शाई आणि दोन यंत्रं

टायपिंग येतं म्हणून मला बेळगावात कोर्टाजवळच्या दुकानात काम मिळालं. मी निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची, आणि पोरीनं खुर्चीत बसून काम करावं एवढीच तिची इच्छा होती. खुर्ची मिळाली, पण मी तिच्यात फार दिवस टिकले नाही. पहिल्याच वर्षी मालकांनी, म्हणजे आप्पांनी, दुकानात कॉपी काढायचं मोठं यंत्र आणलं, आणि माझं निम्मं लक्ष टाइपरायटरवरून उडालं.

यंत्र कुठल्याही कंपनीचं असो, लोक त्याला झेरॉक्सच म्हणत. आमचं चांगलं कपाटाएवढं होतं. सकाळी चालू केलं की तापायला दहा मिनिटं घ्यायचं. मग वरची काच कागदासकट डावीकडून उजवीकडे सरकायची, खालून हिरवट उजेड पडायचा आणि दुसऱ्या बाजूनं गरम कागद बाहेर यायचा. तो हातात घेताना मला दर वेळी हसू यायचं. आत एक आरशासारखा चकचकीत रूळ होता, त्याला ड्रम म्हणत. त्याच्यावर बोटाचा डाग पडला तर तो प्रत्येक कॉपीवर उमटे. त्यामुळं आप्पा स्वतः त्याला हात लावत नसत. "तुझी बोटं बारीक हाईत, तूच पूस," म्हणाले. झालं, यंत्र माझ्याकडे आलं.

एकदा खानापूरकडचे एक म्हातारे शेतकरी अर्ज घेऊन आले. मी कॉपी काढून दिली. त्यांनी ती उलटसुलट केली, उजेडात धरली.

"पोरी, माझं लिव्हलेलं गेलं कुठं? मी काय कोरा कागद आणलतो व्हय?"

मी बघितलं, तर खरंच. छापलेलं शीर्षक काळंभोर आलं होतं आणि हातानं लिहिलेलं सगळं गायब. अर्ज निळ्या शाईचा होता, आणि त्या यंत्राला निळं दिसतच नव्हतं! म्हातारे घाबरले होते. "सायबाला वाटंल मी कायच लिव्हलं न्हाय," असं सारखं म्हणत होते. मी त्यांना बाकावर बसवलं. निळं दिसत नाही तर मधे दुसरा एखादा रंग घालून बघावा, एवढंच डोक्यात आलं. पलीकडच्या सजावटीच्या दुकानातून जिलेटिनचे रंगीत कागद आणले. लाल घातला, सगळं काळं. हिरवा, तेच. पिवळा घातला, उजेडाचं बटण वाढवलं, आणि कागद बाहेर आला तो अक्षरांसकट! पांढरी जागा जरा करडी आली होती, पण ओळ न् ओळ वाचता येत होती.

"आलं की गं!" म्हातारे बाकावरून उठलेच. मी तर दुकानात टाळ्या वाजवल्या. आप्पा आतून धावत आले, त्यांना वाटलं काही फुटलं.

त्यानंतर मी यंत्राशी झटायला लागले. कॉपीवर उभी रेघ आली तर आतली बारीक तार मळलीय, कागदाला सुरकुती पडली तर तापणारा रूळ बघायचा. पावसाळ्यात कागद दमट होऊन अडकायचे म्हणून कपाटात एक बल्ब लावला आणि रिमं त्यात ठेवली. आवाज बदलला की टाइप करता करता माझे हात थांबायचे.

चार वर्षांनी नवं यंत्र आलं. टेंपोतून उतरवलं तेव्हा अर्धी गल्ली बघायला जमली. याची काच जागची हलत नव्हती. वर गठ्ठा ठेवला की ते एकेक पान आपणच ओढून घ्यायचं, आणि बाजूच्या दहा कप्प्यांत दहा संच आपोआप लावून द्यायचं. निळी शाई? जशीच्या तशी! ते बघता बघता मी त्या दिवशी जेवायचीच विसरले. बसवायला आलेले इंजिनिअर हुबळीचे होते. बिघाड झाला की पुढच्या पट्टीवर आकडा दिसतो, तो आकडा फोनवर सांगायचा, एवढंच त्यांनी शिकवलं. झाकणाकडे माझा हात गेला तसे म्हणाले, "मुट्टबेडरी! हात लावायचं नाही, बाई." जुनं यंत्र भंगारात काढायचं ठरलं आणि ते भिंतीकडे ढकललं गेलं. मी मात्र ते रोज पुसत होते.

पावसाळ्यात एका सकाळी एक तरुण वकील भिजत आला. नंदगडजवळच्या एका गावाचा जमिनीचा दावा होता. तीनशेवर पानं, दहा संच, तीन वाजता कोर्टात हवेत. मी गठ्ठा नव्या यंत्रावर ठेवला. सरसर पानं जायला लागली, कप्पे भरायला लागले, वकील बघतच राहिला. आणि मधेच करकर आवाज झाला. पट्टीवर आकडा. कांद्याच्या सालीसारखा पातळ, जुना उतारा आत अडकला होता. अस्सल कागद!

हुबळीला फोन लावला. इंजिनिअर उद्या येणार. वकिलाचा चेहरा पांढरा पडला. "ताई, तो फाटला तर दावाच गेला."

मी आप्पांकडे बघितलं. "उघडू का?"

"तुला जमंल न्हवं?"

"बघते."

वीज बंद केली, झाकण उघडलं. आत ओळखीचंच जग होतं, फक्त दाटीवाटीनं बसवलेलं. ओढायचं नाही, हे मला ठाऊक होतं. कडेचा रूळ हातानं नखभर फिरवायचा, थांबायचं, पुन्हा फिरवायचा. मान भरून आली. शेवटी कागदाचं टोक दिसलं आणि तो अख्खाच्या अख्खा माझ्या तळहातावर आला. वकिलानं मोठ्यानं श्वास सोडला.

झाकण लावून वीज दिली तसा पट्टीवरचा आकडा गेला. मग मी गठ्ठा फोडला. निळ्या शाईचे जबाब आणि टाइप केलेली पानं नव्यावर. पातळ उतारे आणि जाड स्टॅम्पपेपर जुन्यावर, कारण तिथं कागद काचेवर पालथा पडून राहायचा, त्याला कुणी ओढत नव्हतं. जुन्याला तापायला दहा मिनिटं गेली, ती मला तासासारखी वाटली. पण एकदा दोन्ही सुरू झाली आणि दुकान दणाणलं! इकडे सरसर, तिकडे खटक-खटक. आप्पा कपाटातले गरम कागद भरत होते, वकील पानं लावत होता, मी दोन्ही यंत्रांमधे पळत होते. अडीच वाजता दहावा संच बांधला. वकील प्लॅस्टिकमध्ये गठ्ठा गुंडाळून पावसात पळत सुटला.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर आले. "झाकण कुणी काढलं?"

"मी."

मला वाटलं आता बोलणी बसणार. त्यांनी आत बॅटरी मारून बराच वेळ बघितलं. "कसं काढलं? दाखवा."

मी दाखवलं. मग ते जुन्या यंत्राकडे वळले. त्याचं झाकण उचलून ड्रम बघितला. "एवढा स्वच्छ? हे कोण बघतं?" आप्पांनी माझ्याकडे बोट केलं. इंजिनिअर आप्पांना म्हणाले, "हे भंगारात देऊ नका. आणि या बाईंना पंधरा दिवस आमच्याकडे पाठवा. शिकवतो."

हुबळीच्या त्या वर्गात अकरा पुरुष आणि मी. पहिल्या दिवशी सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. तिसऱ्या दिवसापासून काही अडलं की ते माझ्या टेबलाशी यायला लागले. परत आल्यावर मी आधी निपाणीला गेले. नखांत टोनरची काळी पूड होती. आईनं माझे हात उलटेपालटे करून बघितले.

"खुर्चीतलं काम म्हणलतीस की."

"खुर्ची हाय गं. पण मी उभीच असते."

आई हसली, आणि उठून शेजारणीला हाक मारायला गेली, "ये बाई, माझी लेक मिशिन दुरुस्त करतीया!"

पुढं तीन वर्षं दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी चालली. नंतर जुनं यंत्र संकेश्वरच्या एका शाळेनं नेलं. बसवायला मीच गेले. प्रश्नपत्रिकेची पहिली कॉपी निघाली तेव्हा मुख्याध्यापकांसकट सगळे शिक्षक भोवती गोळा झाले होते, आणि चित्रकलेच्या बाईंनी विचारलं, "आत कसं असतं ते बघू का?"

मी झाकण उघडलं आणि बाजूला सरून त्यांना जागा करून दिली.